जोर कुठे आहे ते बघा

"त्या ना? त्या कॉन्ट्रॅक्ट आहेत."

प्रज्ञा ओव्हाळ यांची ओळख मला करून देण्यात आली ती अशी. नाव नाही, विषय नाही, काही नाही. वाघोलीच्या आमच्या कॉलेजात, स्टाफरूममधल्या लांब बाकाच्या अगदी टोकाला एक उंच, सावळ्या बाई बसल्या होत्या. कडक खळ घातलेली सुती साडी, मांडीवर पर्स. आणि आमचे ओएस, म्हणजे कार्यालयाचे अधीक्षक खळदकर, त्यांच्या दिशेनं हनुवटी उडवून मला सांगत होते की त्या कॉन्ट्रॅक्ट आहेत. अहो, माणूस कॉन्ट्रॅक्ट कसा असेल? टेबल लाकडी असतं, चहा बिनसाखरेचा असतो. पण आमच्याकडे माणसांचे दोनच प्रकार, पर्मनंट आणि कॉन्ट्रॅक्ट, आणि चांगली शिकलीसवरलेली मंडळी हे दिवसभर बोलत असतात. कुणाची जीभ अडखळत नाही.

बाईंनी ते ऐकलंच होतं. हसून म्हणाल्या, "आपण भिडेबाई ना? मराठीच्या? मी ओव्हाळ, इंग्रजी. खळदकर साहेबांचा जोर चुकीच्या जागी पडला, पण अर्थ बरोबर निघाला."

मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. कळलं ते आठवड्याभरानं.

माझा तास चालू होता आणि शेजारच्या वर्गातून धप्प, धप्प असे आवाज यायला लागले. मध्येच पोरांचा हशा, पुन्हा धप्प. मी नारायण पेठेत वाढलेली बाई, आवाजाची तक्रार करायला मला मुहूर्त लागत नाही. तडक गेले. ओव्हाळ मॅडम हातात डस्टर घेऊन टेबलाजवळ उभ्या होत्या, खडूच्या धुळीनं केस पांढरे झालेले, आणि फळ्यावर एकच शब्द लिहिलेला: कॉन्ट्रॅक्ट.

"इंग्रजीत काही शब्दांचा जोर हलला की अर्थ हलतो," त्या सांगत होत्या. "कॉन्वर जोर द्या." धप्प. "हा करार. दोन माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द. आता तोच जोर ट्रॅक्टवर सरकवा." धप्प. "आता हे क्रियापद झालं. आकसणं. लहान होणं. थंडीत लोखंड आकसतं, स्नायू आकसतो. आणि आजार लागणं, तेही हेच. तोच शब्द, तीच अक्षरं. म्हणून शब्द दिसला की आधी काय बघायचं?"

"जोर कुठे आहे ते बघायचं!" सगळा वर्ग ओरडला.

मागच्या बाकावरून वाघोलीच्या पुढच्या कुठल्याशा गावातली एक मुलगी उठली. "मॅडम, आमचं पप्पा काँट्रॅक्टर हायेत. म्हंजी ते मानसं बारीक करत्यात का?"

"काय पुरवतात ते?"

"वॉचमन. सोसायट्यास्नी."

मॅडमनी क्षणभर विचार केला. "मग अर्थ बरोबर आहे. पण परीक्षेत लिहू नकोस, मार्क जातील."

मी तक्रार न करता परत आले. माझ्या वर्गातली पोरं म्हणाली, "बाई, त्या धप्प मॅडम आहेत." हे नाव मॅडमना कळलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की विचारू नका. म्हणाल्या, "हे नाव तरी पोरांनी मला कायमचं दिलं, दर जूनला नवीन नाही देत."

त्याचं असं होतं की दर जूनला त्यांना नेमणुकीचा कागद मिळायचा आणि एप्रिलअखेर त्या नसायच्या. मे महिन्यात त्या कुणीच नव्हत्या. याला आमच्याकडे 'ब्रेक देणे' म्हणतात. म्हणजे जणू चहाबिस्किटांची सुट्टी! जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा "आपला परिचय द्या". वर्षानुवर्षं ज्या प्राचार्यांच्या केबिनला लागून त्यांचा वर्ग होता, त्या प्राचार्यांना त्या दर जूनला आपला परिचय द्यायच्या. मी एकदा म्हटलं, "अहो, तुम्हाला राग कसा येत नाही?" तर म्हणाल्या, "येतो ना. पण तो मी मे महिन्यात घेते. बाकी वर्षभर वेळ नसतो."

बिबवेवाडीत दोन खोल्यांच्या घरात त्या आणि त्यांच्या आई राहायच्या. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. तेव्हापासून त्या घरात शिक्षणाला जो मान होता, तो मी चांगल्या चांगल्या पेठी घरांत पाहिला नाही. वडील सरकारी कचेरीत नोकरीला होते. मॅडम सांगायच्या, ते संध्याकाळी घरी येऊन इंग्रजी बातम्या मोठ्यानं वाचायचे, अर्थ कळो न कळो. जोर सगळा चुकायचा. "पण आवाज असा लावायचे की शेजारचे रेडिओ बंद करायचे." हे सांगताना त्या वडिलांची नक्कल करायच्या.

शब्दांवरून आमची मैत्री जमली. परतीच्या बसमध्ये आमचा हाच उद्योग. एकदा मी त्यांना सांगितलं की मराठीत आकसणं म्हणजे लहान होणं, आणि आकस म्हणजे मनात धरलेला डूख. त्या सीटवरून उठायच्याच बाकी होत्या. "म्हणजे एकानं आकस धरला की दुसरा आकसतो?"

"व्याकरण तसं म्हणत नाही."

"स्टाफरूम म्हणते," त्या म्हणाल्या.

आता त्या स्टाफरूमबद्दल सांगायलाच हवं, कारण आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. कुणी त्यांना वाईट बोललं असतं तर परवडलं असतं, मी भांडले तरी असते. पण आमच्याकडे सगळे सभ्य! "ओव्हाळ मॅडम, आपण जरा सरकता का?" हे वाक्य. दिवसातून किती वेळा, देव जाणे. पर्मनंट माणूस आला की बाकावर बसायचा आणि म्हणायचा, आपण जरा सरकता का? त्या सरकायच्या. सरकत सरकत बाकाच्या टोकाला, जिथे मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तिथे. सुरुवातीला त्यांना एक कपाट होतं. मग नवीन संगणक आले, कपाटाचा एक कप्पा राहिला. मग कप्पाही गेला आणि भिंतीला एक खिळा मिळाला. त्या खिळ्याला पिशवी. व्हॉट्सअॅपवर दोन ग्रुप होते, एक सगळ्या स्टाफचा आणि एक नुसता पर्मनंटांचा. सहलीचा बेत दुसऱ्या ग्रुपवर ठरायचा आणि पहिल्यावर फोटो यायचे.

एवढी उंच बाई, पण त्या बाकावर बसली की अर्धी वाटायची. वर्गात गेली की पुन्हा पूर्ण. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी रोज पाहत होते.

त्यांना पाहायला एक स्थळ आलं होतं, ती गोष्ट त्यांनीच मला हसून सांगितली. मुलगा बँकेत. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाच्या मावशीनं विचारलं, "मुलगी पर्मनंट आहे का कॉन्ट्रॅक्ट?"

मॅडमच्या आई गोंधळल्या. मॅडम आतून ट्रे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी पर्मनंट आहे, मावशी. नोकरी कॉन्ट्रॅक्ट आहे."

स्थळ अर्थातच गेलं. "आईनं चार दिवस अबोला धरला," त्या म्हणाल्या, "आणि पाचव्या दिवशी शेजारणीला तेच वाक्य अभिमानानं सांगत होती." त्यानंतर त्यांनी पोह्यांचे कार्यक्रम बंद करून टाकले.

एका पावसाळ्यात त्यांना डेंगी झाला. ताप चढलेला, पण बाईंचं इंग्रजी तापातही शुद्ध. कार्यालयाला त्यांनी निरोप पाठवला की आय हॅव कॉन्ट्रॅक्टेड डेंगी, म्हणजे मला डेंगी झालाय. मी काही कामानं कार्यालयात उभी होते. खळदकरांनी चष्मा वर केला, निरोप दोनदा वाचला आणि शेजारच्या क्लार्कला विचारलं, "काय हो, डेंगीचं कॉन्ट्रॅक्ट यांना कुणी दिलं? ते महापालिकेचं काम ना?"

मी हसले. कबूल करते, पोट धरून हसले. पण पुढे त्यांनी शांतपणे रजेच्या रकान्यात लिहिलं: कॉन्ट्रॅक्ट, सबब रजा अनुज्ञेय नाही. माझं हसू तिथल्या तिथे वाळलं. म्हटलं, "खळदकर, बाई सलाइनवर आहेत!" तर म्हणाले, "मी काय करू मॅडम? पर्मनंट असत्या तर आजारी पडता आलं असतं." हे वाक्य त्यांनी अतिशय आस्थेनं उच्चारलं, बरं का. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. अशा आस्थेवाईक माणसांशी भांडायचं कसं, हे मला नोकरी संपेपर्यंत जमलं नाही. मी प्राचार्यांकडे गेले, त्यांनी मला पाणी विचारलं.

मॅडम बऱ्या होऊन आल्या तेव्हा चेहरा एवढासा झाला होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "शब्दाचे सगळे अर्थ माझ्यावरच लागू करून बघतायत," म्हणाल्या. "आता शब्दकोश बघायची गरजच उरली नाही."

मुलांना त्या आणखी एक गोष्ट शिकवायच्या. इंग्रजीत दोन शब्द जवळ आले की आकसतात, डू नॉटचं डोन्ट होतं, एक अक्षर मध्येच गळतं. पण त्या जागी वर एक टिकली द्यायची. ती विसरलेल्या पोरांचे पेपर त्या लाल करून टाकायच्या. "अक्षर गेलं ना? मग गेल्याची खूण ठेवा. कुणी तरी इथं होतं, एवढं तरी कळू दे." मला वाटायचं, काय हे टिकलीसाठी जीव टाकणं! पण त्या टिकलीचं महत्त्व मला पुढे कळलं.

इंग्रजीची एक पूर्ण वेळ जागा मंजूर झाली. कित्येक वर्षं सगळे म्हणत होते, "ओव्हाळ मॅडमचं काय, त्यांना कोट्यातून सहज मिळेल." त्यावर त्या एकदाच बोलल्या होत्या, "कोट्यातून मिळायला आधी जागा निघावी लागते. इतकी वर्षं तुम्ही काढलेली एक तरी दाखवा." आता निघाली तर ती खुल्या वर्गासाठी निघाली. मॅडम म्हणाल्या, "बरंच झालं. आता मिळाली तर कुणी तोंड वाकडं करायला नको." वय हातातून चाललं होतं, आई थकली होती. ही जागा गेली तर दुसरी निघणार नाही, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. त्यांनाही. मुलाखतीच्या आदल्या दिवशी बसमध्ये त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, "भिडेबाई, मला ही जागा पाहिजे. मला मे महिना पाहिजे. मे महिन्यात आईला विचारलं, तुमची मुलगी काय करते, तर तिनं शिकवते म्हणावं. शिकवत होती नको."

मुलाखतीच्या दिवशी उमेदवारांच्या चहापाण्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मी त्या दाराबाहेरच होते. आतून धप्प ऐकू आलं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी त्यांना नमुन्यादाखल एखादा शब्द शिकवायला सांगितला होता, आणि मॅडमनी अर्थातच तोच घेतला होता. टेबलावर हातानंच जोर दाखवत होत्या. तज्ज्ञ बाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "काय शिकवतात हो या!" मी मनात पेढे वाटले.

पण आत संस्थेचे सचिवही बोलले होते. हे मॅडमनी मला नंतर सांगितलं, शब्द न शब्द. ते म्हणाले, "शिकवता उत्तम. पण तुमचा अनुभव सलग नाही. दर वर्षी खंड पडलाय."

अहो, खंड पडलाय! पाडला कुणी? दर एप्रिलला बाईला दाराबाहेर काढायचं, जूनला आत घ्यायचं, आणि मग विचारायचं की बाई, तुम्ही सारख्या आत-बाहेर का करता? मी घरात कपबशा धुते तेव्हासुद्धा हे वाक्य आठवलं की कपबशी आपटली जाते. एक फुटलीसुद्धा.

मॅडम त्यांना म्हणाल्या होत्या, "सर, तो खंड माझा नाही, आपला आहे. मी दर वेळी परत आले. आपण मला मे महिन्यातून काढलंत, पण गेल्याची टिकलीसुद्धा ठेवली नाहीत." सचिवांना टिकली म्हणजे कपाळावरची वाटली. ते म्हणाले, "आम्ही वेशभूषेबद्दल काही म्हणत नाही."

जागा सचिवांच्या भाचेसुनेला मिळाली. मुलगी चांगली होती, तिचा काही दोष नाही. तिचा अनुभव सलग होता, कारण ती सचिवांच्याच दुसऱ्या कॉलेजात होती आणि तिथे तिला कुणी ब्रेक दिला नव्हता. मी निषेधाचं पत्र लिहिलं, स्टाफरूममध्ये फिरवलं. सगळ्यांनी वाचलं, सगळे म्हणाले, "भाषा फार सुंदर आहे." सही एकाचीही नाही. शेवटी माझी एकटीची सही घेऊन ते गेलं, आणि कुठे गेलं ते परमेश्वराला माहीत.

जून उजाडला. नेहमीप्रमाणे मॅडमना बोलावणं आलं. मी वेळापत्रकासाठी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसले होते. प्राचार्यांनी कागद पुढे केला. "या वर्षी तासिका जरा कमी आहेत मॅडम, नवीन मॅडम आल्यामुळे. पण तुम्ही आहात याचा आधार वाटतो. नवीन मॅडमना जरा तुम्ही तयार करा. तो डस्टरचा प्रकार वगैरे दाखवा."

मी उठलेच होते बोलायला. मॅडमनी हातानं मला थांबवलं. कागद दोन्ही हातांत धरला. वर ठळक अक्षरांत एकच शब्द होता, दर वर्षी असायचा तोच. त्यांनी तो बराच वेळ वाचला.

"सर," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हा शब्द पहिल्यावर जोर देऊन वाचत होते. करार. मला वाटायचं, आपण मला शब्द देताय." त्यांनी टेबलावर तळहात मारला. धप्प. प्राचार्यांच्या पेनस्टँडमधली पेनं हलली. "आज दुसऱ्यावर जोर देऊन वाचला. कागद लगेच समजला."

कागद त्यांनी नीट, कडा जुळवून, प्राचार्यांच्याच पुढे ठेवला. सही न करता. प्राचार्य म्हणाले, "म्हणजे? मला कळलं नाही."

"जोर कुठे आहे ते बघा, सर," मॅडम म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

स्टाफरूममध्ये जाऊन त्यांनी खिळ्यावरची पिशवी काढली. मी मागोमाग. डोळे भरून आले होते, रागानंच. म्हटलं, "अहो, पुढे काय करणार?" म्हणाल्या, "बिबवेवाडीत पोरं कमी आहेत का? डस्टर विकत मिळतं." मग माझा हात धरला. "तुम्ही तुमचा तास घ्या. घंटा झाली." माझा तास होता खरा. मी काय शिकवलं मला आठवत नाही.

तास संपवून मी धावतपळत गेटाशी आले. रस्त्यापलीकडे बसथांबा होता, आणि त्या अजून तिथेच होत्या. बस आली नव्हती. मी हाक मारणार होते, पण मध्ये नगर रस्ता, डंपर, मिक्सर, सगळी वाघोली एकदम हॉर्न वाजवत होती. म्हणून नुसती बघत राहिले. थांब्यावर लोखंडी बाक होता आणि मॅडम त्याच्या बरोबर मधोमध बसल्या होत्या. एका बाजूला पिशवी, दुसऱ्या बाजूला डबा. साडीची खळ अजून तशीच कडक, पदर ऐसपैस पसरलेला, पाठ ताठ. मी त्यांना बसलेल्या असताना एवढ्या उंच कधीच पाहिलं नव्हतं.

आमचे खळदकर बँकेच्या कामाला निघाले होते. ते गेटातून माझ्या शेजारून गेले, रस्ता ओलांडून थांब्यावर पोचले, रुमालानं मान पुसली आणि वाकून काही तरी म्हणाले. रस्त्याच्या गोंगाटात मला ते ऐकू आलं नाही. ऐकायची गरजच नव्हती, ओठांवरून पाठ होतं: मॅडम, आपण जरा सरकता का?

ओव्हाळ मॅडमनी वर पाहिलं. आणि तेवढ्यात सिग्नल पडला म्हणून म्हणा किंवा त्यांनी वर्गातला आवाज लावला म्हणून म्हणा, उत्तर मला अलीकडे स्वच्छ ऐकू आलं.

"नाही."

दोनच अक्षरं. जोर दोन्हीवर.